कुंभाच्या रात्री एक खोली दोन घरांना विकणार का? विंचूर-लासलगावच्या लॉजवाल्यांनो, बुकिंग एक्सेलमधून बाहेर काढा

स्पष्टच लिहितो, गोड लागलं नाही तरी चालेल. ज्या लॉजचं, होमस्टेचं किंवा कृषी पर्यटन केंद्राचं बुकिंग आज एक्सेलच्या नाहीतर गुगल शीटच्या एका फाइलमध्ये आहे, आणि त्या फाइलमध्ये एकापेक्षा जास्त माणसं हात घालतात, तिथे २०२७ च्या सिंहस्थात एकच खोली दोन कुटुंबांना विकली जाणार आहे. विकली जाईल का, हा प्रश्नच नाही. कोणत्या रात्री, एवढाच प्रश्न आहे.

"विंचूरचा आणि कुंभाचा काय संबंध?" असं म्हणणारे भेटतीलच. अहो, नकाशा बघा. नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आपलं गाव. इथूनच प्रकाशाकडे जाणारा राज्यमार्ग फुटतो. पलीकडे लासलगाव, पुढे येवला, येवल्यावरून शिर्डीची वाट. जवळच नांदूरमध्यमेश्वर, राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र. गावात वाईन पार्क, येवल्यात पैठणी आणि मुक्तिभूमी. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. पुढच्या वर्षी २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला नाशिकची अमृतस्नानं, १२ सप्टेंबरला त्र्यंबकेश्वरचं शेवटचं. नाशिक शहरातल्या खोल्या भरल्या की माणूस कुठे बघणार? तासा-दीड तासाच्या अंतरावर. म्हणजे निफाड, विंचूर, लासलगाव, येवला.

आणि इथे खोल्या कोणाच्या आहेत? मोठ्या साखळी हॉटेलांच्या नाहीत. द्राक्षबागेच्या कडेला चार खोल्या बांधलेल्या शेतकऱ्याच्या आहेत. कांद्याने दगा दिला, छाटणीनंतर पावसाने बाग झोडपली, म्हणून जोडधंदा म्हणून उभ्या केलेल्या. कर्ज काढून. त्या माणसाची अब्रू आज ज्या फाइलवर टांगलेली आहे ना, त्या फाइलबद्दल बोलायचंय.

आधी फरक समजून घेऊ, कारण या बाबतीत भलताच गैरसमज आहे. लोकांना वाटतं, एक्सेल म्हणजे छोटा डेटाबेस आणि डेटाबेस म्हणजे मोठं एक्सेल. अजिबात नाही. एक्सेल हा आखलेला कागद आहे. बेरीज करतो, सरासरी काढतो, रंग भरून देतो. पण तुम्ही जे लिहाल ते मुकाट्याने घेतो. डेटाबेसला तुम्ही आधी नियम सांगता, आणि नियमात न बसणारी नोंद तो घेतच नाही. बुकिंगच्या धंद्यात सगळी किंमत या "नाही"ला आहे.

विंचूरच्या उपबाजारातला कांद्याचा लिलाव आठवा. ट्रॅक्टर समोर उभा असतो. बोली होते, भाव फुटतो, एका व्यापाऱ्याच्या नावाने चिठ्ठी होते, गाडी काट्यावर जाते. तोच ट्रॅक्टर दुसऱ्या व्यापाऱ्याला विकता येतो का? येत नाही, कारण माल डोळ्यासमोर आहे. पण २ ऑगस्ट २०२७ ची रात्र कुणाच्या डोळ्यासमोर आहे? ती खोली आज रिकामीच दिसते. ती विकली गेली आहे हे सांगणारी जगात एकच गोष्ट असते, ती म्हणजे नोंद. नोंद कच्ची असेल तर माल दोनदा विकला जातो, आणि विकणाऱ्यालाच ते कळत नाही.

आता नोंद कशी होते ते बघा. मालक बागेत. काउंटरवर भाच्याला बसवलेलं. मुलगी पुण्याहून ऑनलाइन चौकश्या सांभाळते. शिवाय बुकिंगच्या एक-दोन ॲपवर खोल्या टाकलेल्या. झाले चार हात. फाइल एकतर व्हॉट्सॲपवर फिरते, "बुकिंग फायनल", "बुकिंग फायनल नवीन", "बुकिंग फायनल नवीन २". नाहीतर गुगल शीटची लिंक चौघांकडे. भाचा फोनवर बघतो, ४ नंबर रिकामी. त्याच मिनिटाला मुलगीही बघते, ४ नंबर रिकामी. दोघंही "हो" म्हणतात. दोघंही ॲडव्हान्स घेतात. दोघंही नाव टाकतात, आणि नंतर टाकलेलं नाव आधीच्या नावावर बसतं. घंटा वाजत नाही, लाल दिवा लागत नाही. पहिल्याचे पैसे मात्र खात्यात आलेले असतात.

डेटाबेसमध्ये "बघणं" आणि "लिहिणं" ही दोन कामं एकाच गाठीत बांधता येतात. गाठ सुटेपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं. पहिल्याची नोंद झाली की दुसऱ्याला उत्तर येतं, खोली गेली. रेल्वेचं आरक्षण असंच चालतं. मनमाडच्या खिडकीवरचा कारकून आणि मुंबईत मोबाइलवर बसलेला माणूस एकाच बर्थसाठी एकाच क्षणी बटण दाबतात. बर्थ एकालाच मिळतो, दुसरा वेटिंगला जातो. १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीपासून हे संगणकीकरण सुरू झालं. कल्पना करा, रेल्वेने देशभरच्या स्टेशनमास्तरांना गुगल शीटची लिंक पाठवली असती तर? हसू आलं ना? मग स्वतःच्या लॉजला तेच करताना हसू का येत नाही?

खोलीचा नियम तरी किती अवघड आहे? दोन ओळींचा. नवा पाहुणा, जुना जायच्या तारखेआधी येतोय का? आणि नवा पाहुणा, जुना आल्याच्या तारखेनंतर जातोय का? दोन्ही उत्तरं "हो" आली की तारखा एकमेकींवर चढल्या, नोंद नाकारायची. समजा ४ नंबर खोली १ ते ३ ऑगस्टसाठी गेली आहे. कुणी २ ते ४ मागतंय, तर २ हे ३ च्या आधी आणि ४ हे १ नंतर. नकार. कुणी ३ ते ५ मागतंय, तर जुना ३ ला सकाळी जाणार, नवा ३ ला दुपारी येणार. खुशाल द्या. पोस्टग्रेएसक्यूएल नावाच्या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये तर "एका खोलीच्या तारखा एकमेकींवर चढता कामा नयेत" हा नियम थेट टेबलवरच लावून ठेवता येतो. मग मालक असो, भाचा असो, ॲप असो, नियम कुणालाच मोडता येत नाही.

"एक्सेलमध्येही फॉर्म्युला लावता येतो, डबल झालं की सेल लाल होतो," असं कुणीतरी हुशार म्हणेल. लावता येतो, मान्य. पण तो लाल होतो नोंद झाल्यावर. आणि कुणी दुसऱ्या फाइलमधून ओळ कॉपी करून तिथे चिकटवली, की सेलवर लावलेली अट त्याखाली पुसली जाते. कुलूप लावायचं, पण किल्ली कडीलाच टांगायची, असली ही सुरक्षा.

आता तारखांचा घोळ. हा तर नीट वाचा, कारण कुंभाच्या नेमक्या तारखांवरच हा साप बसलाय. आपण तारीख लिहितो दिवस-महिना-वर्ष. पण ज्या कॉम्प्युटरची नाहीतर गुगल शीटची सेटिंग अमेरिकन पद्धतीची राहून गेली आहे, तो आधी महिना वाचतो. मग काय होतं?

२/८/२०२७ लिहिलं, की तो समजतो ८ फेब्रुवारी.
११/९/२०२७ लिहिलं, की झाली ९ नोव्हेंबर.
१२/९/२०२७ लिहिलं, की झाली ९ डिसेंबर.
३१/८/२०२७ लिहिलं, तर एकतिसावा महिनाच नाही, म्हणून तो ती तारीख धरतच नाही. नुसती अक्षरं म्हणून ठेवतो. तारखेप्रमाणे क्रम लावला की ती ओळ भलतीकडेच जाऊन पडते.

चारही मोठ्या दिवसांचे चार घोटाळे, आणि स्क्रीनवर बघताना आकडे अगदी बरोबर दिसतात! ऑगस्टची यादी काढाल तेव्हा अमृतस्नानाच्या रात्रीचे पाहुणे यादीतच नसतील. खोल्या रिकाम्या दिसतील. भाचा बिचारा इमानाने त्या पुन्हा विकेल. चूक त्याची नसेलच, पण शिव्या त्यालाच बसतील.

हा रोग फक्त आपल्याकडे आहे असं नाही. एक्सेल आपल्या मनाने नावांच्या तारखा करतं, म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांची काही अधिकृत नावंच शास्त्रज्ञांना बदलावी लागली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोरोना रुग्ण सरकारी आकड्यातून गळाले. कारण? माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमधून पुढे जात होती, त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. उरलेलं गुपचूप गळालं, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. तुमच्या लॉजला पासष्ट हजार ओळी कधीच लागणार नाहीत, ठाऊक आहे. मुद्दा ओळींचा नाहीच. फाइल भरली तरी तिने हूं की चूं केलं नाही, हा मुद्दा आहे.

तिसरी गोष्ट, कुणी काय बदललं याचा पत्ता. आपण शेतकरी माणसं आहोत, सातबारा आपल्याला शिकवावा लागत नाही. सातबाऱ्यावर नाव असंच चढत नाही आणि असंच उतरत नाही. आधी फेरफार. त्याला नंबर, तारीख, कारण, मंजुरी. उद्या वाद झाला तर फेरफार काढून दाखवता येतो. आता मला सांगा, कुणीही येऊन खोडरबराने नाव पुसावं आणि दुसरं लिहावं असा सातबारा तुम्हाला चालेल? पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडाल! मग बुकिंगची एक्सेल फाइल म्हणजे दुसरं काय आहे? गुगल शीट जुन्या आवृत्त्या दाखवते, हे खरं. पण एकाच लॉगिनवर चौघं बसले की नाव कुणाचं दिसणार? आणि रात्री अकरा वाजता पाहुणा दारात उभा असताना आवृत्त्या उघडून बसणार कोण? डेटाबेसवर नीट बांधलेल्या बुकिंगमध्ये प्रत्येक बदलाचा फेरफार ठेवता येतो: कुणी केला, कधी केला, आधी काय होतं. ॲडव्हान्स परत मागणाऱ्याशी वाद घालताना हाच कागद कामाला येतो.

आता विरोधातले मुद्दे घेतो. एकेक करून.

"आमच्या सहाच खोल्या, एवढा व्याप कशाला?" हा मुद्दा मला निम्मा मान्य आहे. सहा खोल्या असतील, फोन एकच माणूस घेत असेल, ॲपवर खोल्या टाकल्या नसतील, तर ना एक्सेल घ्या ना डेटाबेस. जाड पुठ्ठ्याची वही घ्या. एका पानावर एक तारीख, सहा ओळी. वही एकाच ठिकाणी असते, तिची कॉपी व्हॉट्सॲपवर फिरत नाही, खोडलेलं दिसतं. एक्सेलपेक्षा वही चांगली, हे मी मनापासून म्हणतोय. हिशोब खोल्यांचा करू नका, हातांचा करा. एक हात, वही. दोन हात झाले की डेटाबेस. अधलंमधलं एक्सेल बुकिंगसाठी नको. महिन्याचा जमाखर्च, हंगामाचे दर, लाँड्रीची बिलं यासाठी ते उत्तम आहे, तिथे खुशाल वापरा.

"परवडत नाही." कशाचं परवडत नाही? पोस्टग्रेएसक्यूएल फुकट, मारियाडीबी फुकट, एसक्यूलाइट फुकट. पैसा लागतो तो बांधणाऱ्या माणसाला, नाहीतर तयार सॉफ्टवेअरच्या भाड्याला. अमृतस्नानाच्या एका रात्री एक खोली दोघांना विकली, की दुसऱ्याचं भाडं परत, त्याला दुसरीकडे सोय करून द्यायची तर मिळेल त्या भावाने, वर इंटरनेटवर एक तारा आणि चार शिव्या. त्या शिव्या कुंभ संपल्यावरही तिथेच राहतात. याचा हिशोब मांडा आणि मग परवडण्याचं बोला.

"लाइट जाते, नेट जातं." जातं. म्हणून काय गुगल शीट विहिरीत चालते का? डेटाबेस काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरही ठेवता येतो, छोट्या इन्व्हर्टरवर तग धरतो. रोज रात्री बॅकअप दुसऱ्या ठिकाणी, आणि रोज संध्याकाळी उद्या येणाऱ्यांची यादी कागदावर छापून काउंटरच्या काचेखाली. नेट येईपर्यंत नवं बुकिंग "कळवतो" म्हणून थांबवायचं. ग्राहक दहा मिनिटं थांबतो. खोली नाही म्हटल्यावर थांबत नाही.

"हे सगळं नवीन फॅड आहे." बरं. ज्या टेबलांच्या डेटाबेसबद्दल मी बोलतोय त्याची मांडणी आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली. कॉम्प्युटरवरचं पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट, व्हिसिकॅल्क, आलं १९७९ मध्ये. म्हणजे फॅड म्हणायचंच तर थोरला कोण, धाकटा कोण, ते आधी बघा.

आता सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे वळतो, कारण कुंभ जवळ आला की हेही दारोदार फिरणार. रंगीत कॅलेंडर दाखवतील, डॅशबोर्ड दाखवतील. भुलू नका. मागे एक्सेलच ठेवून पुढे देखणी स्क्रीन लावणारेही असतात. विकत घ्यायच्या आधी तीन गोष्टी करा.

एक, दोन फोन घ्या. एक तुमच्या हातात, एक घरच्यांच्या. तीच खोली, तीच तारीख, "एक-दोन-तीन" म्हणून एकदम बटण दाबा. दहा वेळा दाबा. एकदा जरी दोन्ही फोनवर "बुकिंग झालं" आलं, तर विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

दोन, "माझी सगळी माहिती मला एका फाइलमध्ये काढून दे" म्हणा. तिथल्या तिथे. ततपप केलं तर समजा, तुमचा धंदा उद्या त्याच्या मुठीत जाणार. (हो, ती फाइल एक्सेलमध्ये दिली तरी चालेल. बाहेर काढायला एक्सेल चांगलंच आहे.)

तीन, पाहुण्यांची माहिती कुणाकुणाला दिसते ते विचारा.

ही तिसरी गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. आज काय चाललंय? पाहुणा आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. बाराही आकडे एक्सेलमध्ये चढतात, आणि एक्सेल त्या आकड्याचं १.२३ई+११ असलं काहीतरी करून दाखवतं ते वेगळंच. वर ती शीट "लिंक असेल त्याला उघडेल" अशी ठेवलेली. म्हणजे गेल्या हंगामात काम सोडून गेलेल्या पोरालाही ती आजही उघडते. बायाबापड्यांची नावं, फोन नंबर, कोणत्या रात्री कोणत्या खोलीत. हे बरोबर आहे का? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. मोजा. मे २०२७. कुंभाच्या ऐन तोंडावर. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. शेतकऱ्याच्या चार खोल्यांवर कुणी अडीचशे कोटी ठोकणार नाही, पण "मला माहीत नव्हतं" हे उत्तर त्या दिवसानंतर चालणार नाही. डेटाबेसमध्ये काउंटरवरच्या पोराला फक्त खोली आणि नाव दिसेल, ओळखपत्राचा तपशील मालकालाच दिसेल, अशी वाटणी करता येते. शीटमध्ये जे आहे ते सगळं सगळ्यांना. आणि आधार घ्यायचंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार मागा. ते आधारच्या संकेतस्थळावरून कुणालाही काढता येतं.

परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो, हेही विसरू नका. वाईन बघायला येणारे परदेशी असतातच. त्याचं नाव "जॉन, २ माणसं" असं शीटमध्ये असेल तर फॉर्म कशावरून भरणार?

शेवटचा मुद्दा सरकारचा. सगळं ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. कुंभासाठी २०२५ मध्ये कायद्याने वेगळं प्राधिकरण केलं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, पर्यटन संचालनालय केंद्रांची नोंदणी करून प्रमाणपत्र देतं. मग प्रमाणपत्राबरोबर बुकिंगची साधी, मराठी, फुकट प्रणाली द्यायला काय हरकत आहे? जिल्ह्यात एकच सामायिक डेटाबेस ठेवा. ज्याला यायचं तो येईल, सक्ती नको. माहिती मालकाचीच, दर मालकाचाच, दलाली शून्य. निफाड तालुक्यात आज रात्री किती खोल्या रिकाम्या आहेत हे नाशिकच्या बसस्थानकावर उतरलेल्या माणसाला एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे. ज्या राज्याने डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या दिला, त्याला हे जमणार नाही असं कुणी सांगू नये. मात्र प्रत्येक तालुक्याकडून "निवास व्यवस्थेची माहिती सोबतच्या एक्सेलमध्ये भरून पाठवा" असं पत्र निघालं, तर समजायचं, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. ती यादी ज्या दिवशी भरली त्याच दिवशी शिळी झालेली असते.

शेवटी कोण भोगतं ते डोळ्यापुढे आणा. रात्री अकरा वाजता, पावसात, नाशिकहून दमून आलेलं कुटुंब. म्हातारी आई, लहान पोरं. हातात ॲडव्हान्सची पावती. आणि काउंटरवर एकोणीस वर्षांचा पोरगा, ज्याच्या फाइलमध्ये त्यांचं नावच नाही. मालक फोन उचलत नाही. त्या कुटुंबाच्या लक्षात तुमच्या लॉजचं नाव राहणार नाही. "विंचूरला आम्हाला फसवलं," एवढंच ते आयुष्यभर सांगतील.

ध्वजारोहणाआधी वेळ आहे, पण भरपूर नाही. या आठवड्यात आपल्या फाइलमध्ये किती हात आहेत ते मोजा. एकच असेल तर वही आणा. दोन असतील तर माणूस गाठा, तालुक्यात कॉम्प्युटर शिकलेली पोरं काही कमी नाहीत, त्यांनाही काम मिळेल. ज्यांचा लॉज आहे त्यांना हे पाठवा. नाव गावाचं जाणार आहे, म्हणून हा एकट्या मालकाचा प्रश्न नाही.